तरुण मुलीत अंडाशयाची गाठ आणि कॅल्शियम १३.८: आधी काय करायचं?

प्रश्न (बालरोग, निवासी डॉक्टर):
वय १७, वजन ४५ किलो. सीटीवर उजव्या अंडाशयाची १४ सेंमीची घन गाठ. उलट्या, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी. हे सगळं गाठीच्या दाबामुळे असावं असं धरलं होतं. रक्तातलं कॅल्शियम खूपच जास्त, १३.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) ३, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.३. दोन दिवसांनी ऑपरेशन ठरलंय. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं औषध) लगेच द्यावं का? आणि गाठ कोणती असेल?

उत्तर १ (एंडोक्राइन):
आधी आकडा दुरुस्त करा. अल्ब्युमिन ४ च्या खाली जितकं असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे ०.८ मिळवायचं. म्हणजे खरं कॅल्शियम १४.६ च्या आसपास. आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम मिळत असेल तर तेच धरा. वारंवार लघवी फक्त मूत्राशयावरच्या दाबानेच नाही, तर कॅल्शियम वाढल्यावर मूत्रपिंड पाणी धरू शकत नसल्यामुळेही होते. त्यातून अंग सुकतं, क्रिएटिनिन चढतं, कॅल्शियम आणखी वाढतं. हे चक्र सलाइननेच तुटतं.

औषध सुरू करण्याआधी एकाच वेळी रक्त घ्या: कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन), २५-हायड्रॉक्सी (साठ्यातलं) आणि १,२५-डायहायड्रॉक्सी (सक्रिय) व्हिटॅमिन डी. पीटीएचआरपीचं (काही गाठी सोडतात ते पीटीएचसारखं प्रथिन) सॅम्पल कोणत्या नळीत घ्यायचं आणि बर्फात पाठवायचं का, ते लॅबला आधी विचारा. साध्या नळीत ते मोडतं आणि रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येतो. कॅल्शियम १४ असताना पीटीएच 'नॉर्मल रेंज'मध्ये आलं तर ते नॉर्मल समजू नका. ते दबलेलंच हवं. दबलेलं नसेल तर पॅराथायरॉइड बघा.

०.९ टक्के सलाइन: १० ते २० मिली प्रति किलो तासाभरात, मग दिवसाला साधारण ३ लिटर प्रति चौरस मीटर. लघवी तासाला ९० ते १३० मिली यायला हवी. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जातात, ६ ते ८ तासांनी बघा. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) फक्त अंगात पाणी जास्त झालं तरच. सुकलेल्या मुलीला दिलं तर उलटंच होतं. थायाझाइड (लघवी वाढवणारं, पण कॅल्शियम चढवणारं औषध) अजिबात नको. ईसीजीत क्यूटी अंतर आखूड आहे का तेही पाहा.

कॅल्सिटोनिन (कॅल्शियम झटपट उतरवणारं हार्मोन) ४ युनिट प्रति किलो, म्हणजे १८० युनिट, त्वचेखाली दर १२ तासांनी. ४ ते ६ तासांत १-२ मिलिग्रॅम उतरवतं, पण ४८ तासांत त्याचा जोर ओसरतो. ऑपरेशन दोन दिवसांवर असल्यामुळे इथे ते नेमकं बसतं.

प्रश्नकर्ती:
मग झोलेड्रोनिक अ‍ॅसिड थांबवू?

उत्तर १:
माझं मत: सलाइन आणि कॅल्सिटोनिनवर आकडा १२ च्या खाली येत असेल आणि गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल, तर थांबवा. त्याचा पूर्ण परिणाम चौथ्या ते सातव्या दिवशी दिसतो. तोवर गाठ निघून गेलेली असते आणि मुलगी उलट हायपोकॅल्सिमियात (कॅल्शियम फार कमी होणं) जाते, व्हिटॅमिन डी कमी असेल तर हमखास. गाठ पसरलेली असेल किंवा ऑपरेशन लांबणार असेल तर द्या. लहान वयात डोस ०.०२५ ते ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, क्रिएटिनिन बघून, १५ ते ३० मिनिटांत. दुसऱ्या दिवशी ताप येतो, तो सेप्सिस समजून गोंधळ होतो. आणखी एक: १,२५-डी वाढलेलं नाही ना, हे कळेपर्यंत व्हिटॅमिन डीचा डोस देऊ नका.

उत्तर २ (गायनॅक ऑन्को सर्जन):
या वयात घन गाठ आणि कॅल्शियम जास्त, म्हणजे दोन नावं आधी येतात: 'स्मॉल सेल कार्सिनोमा, हायपरकॅल्सिमिक टाइप' (अंडाशयाचा आक्रमक कॅन्सर) आणि डिसजर्मिनोमा (बीजपेशींचा कॅन्सर). पहिल्याच्या साधारण दोन-तृतीयांश केसमध्ये कॅल्शियम वाढतं, म्हणजे कॅल्शियम नॉर्मल असलं तरी तो नाकारता येत नाही. एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच (गाठ ओळखायला मदत करणाऱ्या रक्तचाचण्या) पाठवा. पोटातून सुई घालून बायोप्सी नको, कॅप्सूल फुटली तर स्टेज वाढते. पेरिटोनियल वॉशिंग (पोटाची पोकळी धुतलेलं पाणी, तपासणीसाठी) घ्या, गाठ अखंड काढा. फ्रोझन सेक्शनवर (ऑपरेशन चालू असतानाच गोठवलेल्या तुकड्याची घाईची तपासणी) दुसरं अंडाशय किंवा गर्भाशय काढायचा निर्णय घेऊ नका. डिसजर्मिनोमा निघाला तर केमोला छान प्रतिसाद मिळतो आणि प्रजननक्षमता वाचवता येते.

ऑपरेशननंतर कॅल्शियम पहिले दोन दिवस दर ६ ते ८ तासांनी. नंतर पुन्हा चढलं तर आधी गाठच परतली आहे असं धरून शोधा.

उत्तर ३ (पॅथॉलॉजी):
सर्जन मॅडमच्या मुद्द्याला जोड. 'स्मॉल सेल' नाव बघून न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन सोडणाऱ्या चेतापेशींसारख्या पेशींची गाठ) समजू नका, फुप्फुसाच्या स्मॉल सेलशी याचं नातं नाही. याचं मूळ २०१४ मध्ये स्मार्का४ जनुकात सापडलं. स्लाइडवर लहान गडद पेशींचा सडा, मध्ये फॉलिकलसारख्या पोकळ्या आणि त्यात गुलाबी द्रव. त्या पोकळ्यांमुळेच ज्युव्हेनाइल ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर (तरुण वयातली अंडाशयाची वेगळी गाठ) म्हणून फसगत होते. बीआरजी१ आणि बीआरएम या दोन प्रथिनांचे डाग (स्टेन) गाठीच्या पेशींत उठायला नकोत, पण शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत डाग उठलेला दिसलाच पाहिजे. नाहीतर स्टेनच बिघडलाय. बाकी स्टेनपैकी इन्हिबिन निगेटिव्ह, डब्ल्यूटी१ बहुतेकदा पॉझिटिव्ह. डिसजर्मिनोमात ऑक्ट४ आणि सॉल४ पॉझिटिव्ह.

फॉर्मवर कॅल्शियमचा आकडा लिहून पाठवा, नुसतं 'ओव्हेरियन मास' नको. निदान पक्कं झालं की कुटुंबात कॅन्सर असो वा नसो, रक्तातून स्मार्का४ तपासा. दोष जन्मजात निघाला तर आई आणि बहिणींनाही जेनेटिक काउन्सेलिंग लागतं.