बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) करताना स्ट्रक्चर्स (इमारतीच्या सांगाड्याचा विषय) मागे ठेवू नका
आधी डिझाइनवर जोर द्या, स्ट्रक्चर्सचे राहिलेले पेपर नंतर काढता येतात, असा सल्ला कुणीतरी विद्यार्थ्यांना दिलाय. मला हे अजिबात पटत नाही. दहा सत्रांपैकी एक पूर्ण सत्र आर्किटेक्टच्या ऑफिसमधल्या प्रशिक्षणात जातं, शेवटी थीसिस असतो. मग बॅकलॉगला वेळ कुठून काढणार?

शिवाय स्ट्रक्चर्स कच्चं असेल तर स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या तासालाही अडतंच. सहा मीटरचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) घेतलात, तर बीमची खोली ढोबळमानाने लांबीचा बारावा भाग, म्हणजे अर्धा मीटर. तो धरला नसेल तर मजल्याची उंची बदलते, जिन्याच्या पायऱ्या वाढतात आणि ज्युरीच्या (परीक्षकांपुढच्या सादरीकरणाच्या) तोंडावर अख्खा सेक्शन (इमारतीच्या उभ्या छेदाचं चित्र) नव्याने काढावा लागतो.

ऐच्छिक विषय मात्र आवडीनेच घ्या, नुसत्या गुणांसाठी नको. प्रशिक्षणासाठी ऑफिस निवडताना साइटवर पाठवतात का, हे आधी विचारा.