पातालपानीचे तंट्यामामा, असीरगडचा अश्वत्थामा... तुमच्याकडचं कोण?

महूची_माहेरवाशीण
परवा भाची पातालपानी-कालाकुंडच्या हेरिटेज गाडीने फिरून आली आणि विचारायला लागली, "मावशी, तिथे तंट्यामामाचं भूत आहे म्हणतात, खरं का गं?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

माझे बाबा रेल्वेत, महूला. छोटी लाइन असताना खंडव्याकडे जाणारी गाडी पातालपानीला थांबायचीच. आम्हा मुलांना सांगून ठेवलेलं, मामाला सलामी न देता गाडी पुढे गेली तर घाटात रुळावरून उतरते. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या तंट्या भिल्लाला, म्हणजे आमच्या मामाला, ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिली आणि देह इथे रुळांपाशी आणून टाकला, असं तिथले सगळे सांगतात. ड्रायव्हर उतरायचा, नारळ, अगरबत्ती, मग शिट्टी. बाबांना विचारलं की म्हणायचे, "पुढे घाटाचा तीव्र उतार आहे, इथे ब्रेक तपासावेच लागतात, नियमच आहे तसा." आणि हे सांगता सांगता स्वतः खिडकीतून हात जोडायचे. त्यात त्यांना काही विसंगत वाटायचं नाही, मलाही वाटत नाही.

छोट्या लाइनीच्या रोजच्या गाड्या गेल्या, या गोष्टी सांगणारी माणसंही चाललीत. म्हणून लिहा. इंदूरचं, बाहेरचं, जिथे कुठे गेला असाल तिथलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं नको, घरात ऐकलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

बऱ्हाणपूरची_सून
असीरगड!! माहेर इंदूर, सासर बऱ्हाणपूर, त्यामुळे प्रत्येक खेपेला गडाखालूनच जाणं होतं. वर महादेवाचं देऊळ आहे, तिथे पहाटे कुणी पोचायच्या आत पिंडीवर ताजं फूल असतं, अश्वत्थामा वाहून जातो म्हणतात.
दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी सासूबाई तेलाच्या वाटीत बोट बुडवून पाटाशेजारी जमिनीवर सात चिरंजीवांचे ठिपके काढतात. पहिला अश्वत्थाम्याचा, आणि तो मुद्दाम मोठा. "त्याच्या कपाळाची जखम अजून वाहतेय, त्याला जास्त लागतं." फरशीवर ते ठिपके हळूहळू पसरत जातात आणि मुलं बघत बसतात. त्याची भीती आमच्याकडे कुणालाच वाटत नाही, वाईट वाटतं.
कुकर झालाय, नंतर येते

स्नेहलतागंज
अगं ठिपके आमच्याकडे पण! आई करायची. तेल कुठलं वापरता तुम्ही? तिळाचं?

बऱ्हाणपूरची_सून
तिळाचंच, घाण्याचं. बाटलीतलं सासूबाईंना चालत नाही.

नवलखा_काका
होळकरांच्या घरातली गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मालेराव, अहिल्याबाईंचा एकुलता मुलगा. दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी एका भरतकाम करणाऱ्या कारागिराचा जीव घेतला. तो निर्दोष निघाला. त्यानंतर मालेरावांचं डोकं फिरलं आणि लोक म्हणू लागले, त्या कारागिरानेच धरलंय. बाई उशाशी बसून त्या पिशाच्चाला विनवत होत्या, तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पोराला सोड. उत्तर यायचं, मी निरपराध होतो, ह्याने मला मारलं, ह्याचा जीव घेणार. गादीवर येऊन वर्ष व्हायच्या आत, १७६७ मध्ये, मालेराव गेले. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने ही हकीकत लिहून ठेवली आहे.
माझी आजी ही सांगताना मालेरावांवर फार थांबायची नाही. "पोटच्या पोराच्या तोंडून परका बोलतोय आणि ती माउली त्याला हात जोडतेय," इथे आली की पदर डोळ्याला. मला वाटतं ही इंदूरची सगळ्यात मोठी भूतकथा आहे, आणि त्यात न्याय मागणारं भूतच आहे.

महूची_माहेरवाशीण
काका, अंगावर काटा आला. हे मला माहीतच नव्हतं.

पुण्यात_शिकलेली
शनिवारवाडा लिहू का? सगळ्यांना माहीत आहे पण तरी. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव, "काका मला वाचवा". हॉस्टेलवर सीनियर मुली अमावास्येच्या रात्री हमखास सांगायच्या. मी इंदूरची म्हणून मला म्हणायच्या, तुला काय, तुमच्या बाईंनी त्याच राघोबाला परत पाठवलं होतं 😄 मान ताठ व्हायची.

रामबागचा_राजू
भिया लोक, आमच्या वाड्यात पिंपळावर मुंजा. आजी तिन्हीसांजेला गजरा घालून त्याच्याखालून जाऊ द्यायची नाही. आता वाडा पाडून फ्लॅट झालेत. पिंपळ तसाच! मजुरांनी फांदीला हात लावायला साफ नकार दिला, शेवटी पार्किंगची भिंत त्याच्याभोवती वळवली. झाड वाचवायला सोसायटीच्या ठरावापेक्षा मुंजा बरा 👍

स्नेहलतागंज
😂😂 आमच्या गल्लीत पाठव त्याला, कडुलिंब तोडायला निघालेत

घाटवाट
भानगढला गेलोय. पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी आत जायला मनाई. सरिस्काचं जंगल जवळ आहे, अंधारात तिथे भुताशिवायही भेटायला बरंच काही आहे. तांत्रिकाने राणी रत्नावतीसाठी अत्तर मंतरलं, तिने ते दगडावर ओतलं, दगड जाऊन तांत्रिकावर पडला आणि मरताना त्याने शाप दिला, अशी गोष्ट. माझ्या लक्षात राहिला तो बाजार. दोन्ही हातांना बिनछपराच्या दुकानांची रांग, ओट्यांवर माकडं बसलेली आणि पुढे देवळं मात्र धडधाकट.
पण आत लागलं ते जैसलमेरजवळचं कुलधरा. दिवाण सालिमसिंगाच्या जाचामुळे पालीवाल ब्राह्मणांनी रातोरात गाव सोडलं म्हणतात. अभ्यासक पाणी आटल्याचं कारणही देतात. एका घरात चूल मांडायचा कोनाडा दिसला. तिथे बायको बराच वेळ उभी होती, मग म्हणाली चल.

सुदामानगर
विषय थोडा वेगळा, पण पातालपानीचं नाव निघालं म्हणून हात जोडून सांगते. मुलांना भुताची भीती घाला नाहीतर घालू नका, पाण्याची नक्की घाला. जुलै २०११ मध्ये धबधब्याच्या वर उभं असलेलं कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेलं होतं. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली ऊन असतं, कळत नाही. आमच्या लहानपणी "डोहातली बाई ओढते" म्हणायचे, त्या भीतीने आम्ही काठापासून लांब राहिलो.

महूची_माहेरवाशीण
ताई, अगदी खरं. भाचीला आजच सांगते.

बऱ्हाणपूरची_सून
आले परत. @स्नेहलतागंज घाण्याचं तेल हवं असेल तर जुन्या इंदुरात आमच्या ओळखीचे आहेत, पत्ता खासगीत पाठवते. आणि नवलखा काका, त्या कारागिराच्या बायकामुलांबद्दल तुमच्या आजी काही सांगायच्या का हो?