ग्लोबल स्टडीजच्या पदवीला परकी भाषा सक्तीची : घरची मराठी चालवून घ्यावी का?

फ्रीमाँटकर

भाची पुढच्या वर्षी इथे अमेरिकेत कॉलेजात जाईल. ग्लोबल स्टडीज घ्यायचं तिने ठरवून टाकलंय. 'त्यात नोकरी कुठे मिळणार' हे पुराण घरी वाचून झालंय, इथे पुन्हा नको. वाद आहे तो अभ्यासक्रमाच्या अटींवर.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : या पदवीचा साचा बऱ्याच ठिकाणी सारखाच. सुरुवातीला ओळखीचे एक-दोन पेपर, मग विषयाची एखादी बाजू (व्यापार, संघर्ष, संस्कृती वगैरे), जगाचा एखादा प्रदेश, शेवटी सेमिनार किंवा प्रबंध. यूसीएलएमध्ये (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) त्याशिवाय एका परकी भाषेचा दोन वर्षांचा अभ्यास लागतो, म्हणजे त्यांच्या क्वार्टरच्या (वर्षाला तीन सत्रं) हिशेबात सहा कोर्स. वर परदेशात जाऊन शिकणंही सक्तीचं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्लोबल लिबरल स्टडीजमध्ये तर अख्खं तिसरं वर्ष बाहेरच्या केंद्रावर काढायचं.

ताईचं म्हणणं, पोरगी रविवारच्या मराठी शाळेत वाढलीय, हायस्कूलकडून द्विभाषिक असल्याचा शिक्काही मिळेल. जिथे मराठीची परीक्षा घेतात तिथे ती द्यायची, भाषेची अट उडवायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत इकॉनॉमिक्स भरायचं.

मला हे साफ नामंजूर आहे. बाकी काय वाटेल ते सोडा, भाषा सोडू नका, आणि ती घरची तर नकोच. इंग्रजी आयती मिळाली, मराठी आयती मिळाली. जगाचा अभ्यास करायला निघालेल्या मुलीने एकदा तरी दुसऱ्याच्या भाषेत ठार अडाणी म्हणून वर्गात बसावं. ते न करता मिळालेली पदवी म्हणजे चार वर्षं इंग्रजी वर्तमानपत्रं वाचल्याचा दाखला.

बोला.

खडूस_काका

जोरदार असहमत. आधी हिशेब करू.

आठवड्याला पाच तास, दहा आठवड्यांचा क्वार्टर, सहा क्वार्टर. झाले ३०० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं तेव्हा स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० तास धरतं, हिंदीला ११०० आणि जपानी, चिनी, अरबी, कोरियनला २२००. तेही पगार देऊन, दिवसभर फक्त तेवढंच काम असताना. तुमची भाची ३०० तासांत जपानीत काय करणार? रामेन मागवणार.

आणि त्या खात्याच्या प्रवेश परीक्षेला परकी भाषा येण्याची अट नाही. आपल्या आयएफएसमध्येही (भारतीय परराष्ट्र सेवा) निवड झाल्यावरच अधिकाऱ्याला एक परकी भाषा नेमून देतात. ज्यांचा धंदाच मुत्सद्देगिरीचा आहे ते म्हणतात, आधी माणूस निवडू, भाषा मागाहून शिकवू. मग पदवीलाच हा हट्ट कशाला? त्या सहा कोर्सच्या जागी संख्याशास्त्र सक्तीचं करा. जागतिक बँकेचा तक्ता समोर ठेवला की यातली निम्मी मुलं सरासरी आणि मध्यकात गल्लत करतात.

पवनचक्की

काका, रामेन मागवण्यापलीकडे बरंच होतं.

मी लायडन विद्यापीठाची इंटरनॅशनल स्टडीजची पदवी करतेय, वर्ग हेगला भरतात. तीन वर्षं, १८० क्रेडिट, शिकवणं इंग्रजीत. पण प्रवेश घेतल्यावर एक प्रदेश निवडावा लागतो आणि त्या प्रदेशाची एक भाषा. मी आफ्रिका घेतला, भाषा स्वाहिली. (दक्षिण आशिया घेतला असता तर हिंदी मिळाली असती. घरच्यांचा तोच आग्रह होता, 'मार्क मिळतील' म्हणून.) पहिल्या वर्षी ६० पैकी ४५ क्रेडिट नाही जमली तर कोर्समधून बाहेर काढतात, त्यामुळे भाषा मागे टाकून चालत नाही.

स्वाहिली मला अस्खलित येते का? अजिबात नाही. पण टांझानियाच्या संसदेतल्या चर्चेचं इंग्रजी वृत्त वाचलं आणि मग तीच बातमी शब्दकोश उघडून स्वाहिलीत वाचली, तेव्हा इंग्रजी बातमीदाराने कुणाला बोलतं केलं आणि कुणाला वगळलं ते दिसलं. हे कळायला २२०० तास लागत नाहीत.

सोळा_आणे

भाषेचं काय ते तुम्ही बघा. माझा राग 'परदेशी जाणं सक्तीचं' या अटीवर आहे, आणि त्याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढलेला नाही.

आपल्यातली किती मुलं एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांच्या आधारावर मिळणाऱ्या व्हिसावर, आहेत? लहानपणी आली, इथेच वाढली, पण ग्रीन कार्डच्या रांगेत आईवडिलांचा नंबर लागत नाही. २१ पूर्ण झाली की ती एच-४ मधून बाहेर. मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्या, नाहीतर दुसरं काहीतरी. अशा पोराने एक सत्र माद्रिदला काढायचं म्हणजे परत येताना व्हिसाचा शिक्का ताजा हवा. शिक्क्यासाठी भारतात जा, तारीख मिळवा, तपासणीत पासपोर्ट अडकला तर पुढच्या सत्राची फी भरलेली आणि पोरगं पुण्यात मामाकडे. आमच्या ओळखीच्या एका घरात हे झालंय. मुलाने शेवटी मेजर (मुख्य विषय) बदललं.

गंमत बघा. जगभर फिरणाऱ्या माणसांचा, सीमांचा, स्थलांतराचा अभ्यास. आणि अट अशी की ज्याच्या आयुष्यात सीमा रोज आडवी येते तोच गळावा.

शिष्यवृत्तीचं सांगू नका. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी अमेरिकी सरकारची गिलमन आहे, ५००० डॉलरपर्यंत देतात, पण ती अमेरिकी नागरिकांना आणि त्यातही पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना सरकारी मदत) मिळणाऱ्यांना. एच-४ वाल्याला दोन्ही दारं बंद.

फ्रीमाँटकर

@सोळा_आणे, भाची इथेच जन्मलेली, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न नव्हता. पण मुद्दा बिनतोड आहे. यूसीच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) स्वतःच्या परदेशी कार्यक्रमात विद्यार्थ्याची आर्थिक मदत सोबत जाते, म्हणजे पैशाची अडचण काहीशी सुटते. शिक्क्याची नाही सुटत. अशा मुलांना इथल्याच निर्वासितांच्या वस्तीत किंवा शेतमजुरांसोबत एक सत्र काम करू द्यावं. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत ओहाकाहून आलेले मिश्तेक मजूर आहेत, त्यातल्या कित्येकांना स्पॅनिशही धड येत नाही. परदेश तिथे तीन तासांवर आहे.

भाषेवरचं मत मात्र तसूभरही हललेलं नाही.

टपरीवाला

वाचतोय. एक कटिंग इकडे.

रविवारची_शाळा

मी मराठी शाळेत शिकवते, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या मराठी मंडळांची संस्था) अभ्यासक्रमाची. त्यामुळे 'घरची मराठी आयती मिळाली' हे वाक्य मला झोंबलं.

काही आयतं मिळत नाही हो. दर रविवारी सॉकर आणि बर्थडे पार्ट्या सोडून मुलं येतात तेव्हा कुठे जोडाक्षरं वाचता येतात. माझ्या मोठ्या वर्गात सोळा-सतरा वर्षांची मुलं आहेत. आजीशी फोनवर फडाफडा बोलतात, 'भूक लागली', 'नको ना गं', सगळं झकास. मागे मी त्यांना मराठवाड्यातल्या पाणीटंचाईवरचा संपादकीय उतारा दिला. भूजल, आवर्तन, लाभक्षेत्र, उपसा. पहिल्या परिच्छेदातच गाडी रुतली. तासाभराने एका मुलीने विचारलं, टँकर लागतात तिथेच ऊस कसा काय लावतात? ग्लोबल स्टडीजचा याहून चांगला प्रश्न मला तरी सुचणार नाही, आणि तो मराठी उताऱ्यातून आला.

म्हणून माझं म्हणणं तिसरंच आहे. परीक्षा देऊन अट उडवायची नाही. पण मराठीच पुढे न्यायची असेल तर ती चालली पाहिजे, वरच्या पातळीची, वाचन-लेखनाची. 'घरची' म्हणून ती कमी प्रतीची कशी?

खडूस_काका

आणि ही वरच्या पातळीची मराठी शिकवणार कोण? शिकागोसारखं एखादं विद्यापीठ सोडलं तर मराठीचा वर्ग आहे कुठे?

रविवारची_शाळा

नाही, आणि तुमच्यासारख्यांमुळे उरलेलेही बंद होतील. अमेरिकेत २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत कॉलेजांमधली परकी भाषांची पटसंख्या १६.६ टक्क्यांनी घसरली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये भाषांच्या पदव्याच मोडीत काढल्या. अटी काढल्या की आधी वर्ग रोडावतात, मग 'मागणी नाही' म्हणून विभाग बंद. त्यात सर्वात आधी आपल्यासारख्या भाषा जातात, स्पॅनिश नाही.

खडूस_काका

म्हणजे प्राध्यापकांची खुर्ची टिकावी म्हणून पोरांनी सहा कोर्सची फी भरायची. उघड बोललात ते बरं झालं. आणि त्याच पाच वर्षांत कोरियन शिकणारे ३८ टक्क्यांनी वाढले, ते कुठल्या सक्तीने? पोरांना आवडलं की ती स्वतःहून येतात.

चाकणकर

मी यातलं काही शिकलेलो नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जपानी, पुढे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-३ पातळी. आता एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात आहे, निम्मं काम दुभाष्याचं.

काकांचा २२०० तासांचा आकडा बरोबर असेल. पण तो अधिकारी तयार करायचा आकडा आहे. प्रेसची लाइन थांबते, जपानी इंजिनियर डायजवळ उभा, समोर आपला जुन्नरचा फिटर. दोघांचंही इंग्रजी असं की बोलले नसते तर बरं. फिटरला माहीत असतं पत्र्याचा कॉइल बदलल्यापासून तडा जातोय. इंजिनियरला वाटतं सेटिंग चुकलंय. तिथे माझ्या मोडक्या जपानीतली चार वाक्यं कामाला येतात. भारी व्याकरण नाही लागत, पण दोघांना एकमेकांचं ऐकायला लावावं लागतं. दोन वर्षांच्या वर्गाने एवढं नक्की जमतं.

फक्त एक. सक्तीने बसवलेल्यांची बॅच मी पाहिलीय. पहिल्या कांजी (जपानी चित्राक्षरं) चाचणीनंतर अर्धे बाक रिकामे.

पवनचक्की

हे खरंय. आमच्याकडेही गळती होतेच. पण संख्याशास्त्र सक्तीचं केल्यावर गळती होणार नाही असं काकांना का वाटतं कोण जाणे :)

खडूस_काका

संख्याशास्त्र शिकून गळाला तरी त्याला गळतीची टक्केवारी काढता येईल.

सोळा_आणे

एक राहिलंच. @फ्रीमाँटकर, भाचीला स्वतःला कुठली भाषा हवीय? एवढा वेळ ताई काय म्हणते आणि मामा काय म्हणतो तेच चाललंय.

फ्रीमाँटकर

तिला पोर्तुगीज हवीय. ताई म्हणते गोव्यातल्या कागदपत्रांसाठी उपयोगी पडेल, आमच्या आजोळच्या जमिनीचा जुना घोळ आहे. भाचीला ब्राझीलला जायचंय.

रविवारची_शाळा

छान. जाण्याआधी एका रविवारी वर्गावर पाठवून द्या. उतारा माझ्याकडे आहे, लाभक्षेत्र म्हणजे काय एवढं तिने सांगितलं तर पोर्तुगीजला माझी हरकत नाही.

फ्रीमाँटकर

मॅडम, लाभक्षेत्र मलाही शोधावं लागलं.