टायटनवरच्या रसायनतज्ज्ञाचे काम कसे दाखवावे?

प्रश्न : मी कोल्हापूरची असून विज्ञानकथा लिहिते आहे. आमच्या गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ वाढलेली नायिका शनीच्या टायटन या चंद्रावर रसायनतज्ज्ञ होते. उणे १७९ अंश सेल्सिअसला तिची प्रयोगशाळा पृथ्वीसारखीच चालेल का?

उत्तर १ : मुळीच नाही. तिथे पाणी हा दगड आहे. २००५ साली ह्युजेन्स यान उतरले, तेव्हा आजूबाजूला बर्फाचेच गोटे दिसले. तळ्यांतला द्रव मुख्यतः मिथेन आणि इथेन असल्याने साखर किंवा मीठ त्यात विरघळत नाही, आणि थंडीमुळे बहुतेक अभिक्रिया अतिशय मंदावतात. मिथेन भरपूर असूनही आग लागत नाही, कारण ऑक्सिजन वायू नाही. म्हणून तुमच्या नायिकेने जपायचा, मोजून वापरायचा साठा ऑक्सिजनचा दाखवा. हा उलटा हिशेब मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर २ : टायटनवर बाहेरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आहे. नायिकेच्या राहण्याच्या तळावर आतही तोच दाब ठेवला आणि तिथे तिने गूळ करायला घेतला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळेल, आणि गूळ उतरवण्याचा ११८ अंशांचा अंदाज चुकेल. तापमापी बाजूला ठेवून तिने पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकावा व गोळी वळते का ते बोटांनी पाहावे.

प्रश्नकर्ती : आजी हेच करायची. तो प्रसंग आजच लिहिते.