मॅडिसनच्या 'फेडरल'ला मराठीत काय म्हणावं?

पैलतीर: अमेरिकेच्या नव्या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधमालेतल्या ३९व्या निबंधाचा (जेम्स मॅडिसन, जानेवारी १७८८) अनुवाद करतोय. मॅडिसन म्हणतो, नवी घटना निखळ 'नॅशनल' नाही आणि निखळ 'फेडरल'ही नाही, दोहोंचं मिश्रण आहे. कोशात 'फेडरल'ला 'संघराज्यीय' आहे. तो घातला तर 'अमेरिकेची घटना निखळ संघराज्यीय नाही' असं होतं. आज अमेरिकेला संघराज्यच म्हणतात, म्हणून वाचक तिथेच अडतो.

ओसरी: त्या काळी फेडरल म्हणजे सार्वभौम राज्यांच्या आपसांतल्या कराराचं. मूळ लॅटिन 'फोएडस', म्हणजे तह. नॅशनल म्हणजे एकसंध राष्ट्राचं. मॅडिसनची छाननी बघा. घटनेला मंजुरी राज्यागणिक, म्हणून फेडरल. प्रतिनिधिगृहाच्या जागा लोकसंख्येवर, म्हणून नॅशनल. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा, सदस्य निवडणार राज्याचं विधिमंडळ (ही पद्धत १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने गेली), म्हणून फेडरल. पण कायदा राज्यांवर नाही, थेट माणसांवर चालणार, म्हणून पुन्हा नॅशनल. 'राज्यसंघीय' घाला, सगळं लागतं.

टाकसाळ: सहमत. या घटनेआधीची अमेरिकेची १७८१ ची व्यवस्था राज्यसंघच होती. काँग्रेसला (तिथल्या मध्यवर्ती सभेला) कर लावता येत नव्हता, मोठ्या निर्णयाला १३ पैकी ९ राज्यं लागत, कलमं बदलायची तर सगळी १३. आयातीवर ५ टक्के जकात बसवायचा प्रस्ताव १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडला.

मोडीवाचक: 'राज्यसंघ' आणि 'संघराज्य' एकाच परिच्छेदात आले की वाचकाचा गोंधळ होणारच. शिवाय आपल्या संविधानाचं पहिलं कलम भारताला 'राज्यांचा संघ' म्हणतं, तेही नेमक्या उलट अर्थाने. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं होतं की हा संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघायचा हक्क नाही. त्यापेक्षा 'फेडरल'च ठेवा, खाली टीप द्या.

ओसरी: टिपेवर ढकलायचं तर अनुवाद कशाला? 'करारमूलक' म्हणा.

टाकसाळ: 'करारमूलक घटना' ही भाडेकराराच्या मसुद्यातली भाषा वाटते. आणि अमेरिकेतल्या राज्यांना 'घटकराज्यं' लिहू नका. आपल्याकडे कलम ३ खाली संसद राज्याचे तुकडे करू शकते, विधिमंडळाचं फक्त मत मागवलं जातं. तिकडे चौथ्या कलमाप्रमाणे विधिमंडळाची संमतीच लागते.

मोडीवाचक: घटक म्हटल्याने कुणी दुय्यम ठरत नाही. मूळची तेरा वगळली तर बहुतेक राज्यं काँग्रेसच्या ताब्यातल्या प्रदेशांतूनच घडली. ओहायो घ्या, १८०३.

टाकसाळ: घडली, पण आत आल्यावर बरोबरीच्या हक्काने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८६९ च्या टेक्सस विरुद्ध व्हाइट निकालात संघ अभंग म्हटलाय, आणि राज्यंही अभंगच. 'घटक'मध्ये हा दुसरा भाग कुठे दिसतो?

पैलतीर: आणि 'फेडरल'?

मोडीवाचक: आधी 'घटक'चं मिटू द्या. त्याच निबंधात 'स्टेट' पानोपानी आहे.