मदत हवी आहे : आईला घेऊन तंजावर. मुक्काम गावातच करावा की कुंभकोणमला?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या उत्तरार्धात आईला तंजावरला न्यायचंय. आई मराठीची निवृत्त शिक्षिका. बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आहे. तो तिला स्वतः, सावकाश वाचायचाय. बाकी सगळं तिच्या लेखी नंतर.

ज्या टूरवाल्यांशी बोलले, ते तंजावरला अर्धा दिवस देतात आणि रात्री कुंभकोणम किंवा तिरुचिरापल्लीला नेतात. एवढ्यात तो लेख शोधून होईपर्यंत बस सुटायची! म्हणून स्वतःच जायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, तिखट सोसत नाही आणि रात्री आठच्या आत जेवण लागतं.

राहायला कुठला भाग सोयीचा? राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आपल्यासारख्यांना आत सोडतात का? आणि तिरुवैयारूला जाणं तिला झेपेल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मुक्काम तंजावरलाच करा, यात दुमत नको. स्टेशनपासून जुन्या बसस्टँडकडे जाणाऱ्या गांधीजी रोडच्या आसपास बघा. तिथून देऊळ आणि राजवाडा दोन्ही रिक्षाने जवळ. लिफ्ट आहे का, हे फोनवर आधी विचारा. नाहीतर तळमजल्याची खोली मागा.

देवळात सकाळी उघडल्या उघडल्या जा. गाभारा दुपारी काही तास बंद असतो, आणि चपला बाहेर काढाव्या लागत असल्याने दुपारच्या फरशीवर पाय ठरत नाही. आईंसाठी जाड मोजे घ्या. शिलालेख आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडच्या भिंतीवर आहे. बहुतेक लोक विमान (गाभाऱ्यावरचं उंच शिखर) आणि नंदी बघून मागे फिरतात, त्यामुळे तिकडे शांतता असते. अक्षरं देवनागरी, पण मजकूर प्रचंड लांब. उभ्याने वाचून होणार नाही. घडीचं स्टूल चालेल का, ते दारावर विचारून घ्या. लेखाचा मजकूर पूर्वीच छापला गेलाय. ग्रंथालयातून मिळवून आईंनी तो आधी वाचला, तर भिंतीवरच्या ओळी भराभर लागतील.

ऊन चढलं की राजवाडा. सरस्वती महालातला हस्तलिखितांचा मुख्य साठा अभ्यासकांसाठी असतो, पण संग्रहालय सगळ्यांना खुलं आहे. तिथे माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी जुळणारा प्राण्याचा चेहरा अशी शेजारी शेजारी काढलेली चित्रं आहेत, ती चुकवू नका. सरफोजींना कशाकशाचं कुतूहल होतं ते तिथे कळतं. त्याच राजवाड्यातल्या कलादालनात चोळांच्या कांस्यमूर्ती आहेत. मला विचाराल तर देवळाइतकाच वेळ त्यांना द्यावा. घंटाघराच्या पायऱ्या मात्र आईंना नकोत.

प्रतिसाद २

जेवणाचं सांगतो. मुख्य जेवण दुपारी केळीच्या पानावर घ्या. भातावर आधी सांबार, मग रसम, शेवटी ताक. रसम मिरीचं असतं, आईंना ते वगळता येईल. रात्री इडली किंवा इडियाप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) लवकर मिळतं. सांबार म्हणे तंजावरच्या मराठी राजवाड्यातच जन्मलं. ही कथा तिथे हमखास ऐकवतात, पुरावा मागू नका.

तिरुवैयारू जेमतेम १३ किलोमीटरवर आहे, जरूर जा. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी आहे. फक्त पौष वद्य पंचमीच्या आसपास तिथे आराधना उत्सव असतो. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच प्रसिद्ध रचना, पंचरत्न कृती, गातात. ऐकायला अपूर्व, पण गर्दी फार आणि बसायचं जमिनीवर. परतताना तिथला अशोका हलवा घ्या, मुगाच्या डाळीचा, तोंडात विरघळणारा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मुक्काम तंजावरलाच ठरला. आराधनेची तारीख पाहून त्याआधीचेच दिवस घेते. आता एकच विचारते : कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळ एका सकाळी जाऊन-येऊन होईल का, आणि तिथे आईला किती पायऱ्या चढाव्या लागतील?