मदत हवी आहे: आईच्या हाताचं सालपट निघालंय. जेल चालू ठेवू की जखम कोरडी होऊ देऊ?

रानजाई:
आई ७८ वर्षांची आहे. मोरीच्या दाराची कडी लागून तिच्या डाव्या हाताचं, कोपराखालचं सालपट निघालं. जखम खोल नाही, पाच रुपयांच्या नाण्याएवढी असेल, पण कातडी सरकून एका कडेला गोळा झाली होती. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने रक्त थांबता थांबेना. फॅमिली डॉक्टरांनी सलाइनने धुऊन कातडी हलकेच जागेवर बसवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जखम ओलसर ठेवणाऱ्या हायड्रोजेलची ट्यूब लिहून दिली. जेल, त्यावर न चिकटणारी जाळी, वरून बँडेज, आणि दर तीन दिवसांनी बदला म्हणाले.

आज घरी ड्रेसिंग सोडलं, तर जखमेच्या कडेची चांगली कातडी धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी पांढरी, सुरकुतलेली दिसली. मध्ये पिवळसर बुळबुळीत थरही आहे. हा पू की जेलच? आईला ताप नाही, दुखणंही कमी आहे. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. त्यात मावशींचा धोशा: "उघडं ठेव, वारा लागू दे, खपली धरली की झालं. वर चिमूटभर हळद दाब."

रात्रपाळी:
मी नर्स आहे. फोटोशिवाय नक्की सांगता येणार नाही, तरी सांगते. जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं. ते जखमेच्या आतच लावायचं, पातळ थर पुरे. कडेवर पसरलं की चांगली कातडी भिजून पांढरी पडते. पुढच्या वेळी कडेला व्हॅसलिनचं बोट फिरवा आणि जेल कमी घ्या.

पिवळ्याचं म्हणाल तर आधी सलाइनने धुऊन मग बघा. जेल जखमेतल्या पाण्यात मिसळलं की तसंच दिसतं. धुतल्यावरही घट्ट, वास मारणारा थर राहिला, भोवतीची लाली पसरत चालली, हात गरम लागला किंवा दुखणं वाढलं, तर सोमवारची वाट बघू नका. जखमेतून खूप पाणी येत असेल तर तिथे जेलचं काम नाही, शोषून घेणारं ड्रेसिंग लागतं.

आणखी एक. या वयाच्या कातडीला चिकटपट्टी अजिबात नको, काढताना दुसरं सालपट निघेल. रोलर बँडेज गुंडाळा. जाळी काढताना जिथे कातडी अजून जोडलेली आहे तिकडून सुरुवात करून मोकळ्या टोकाकडे ओढा, उलट ओढलंत तर बसवलेली कातडी उचकटेल. वरच्या बँडेजवर पेनाने बाण काढून ठेवा, पुढच्या वेळी आठवावं लागत नाही.

खटपट्या:
मावशींना सांगा, हा वाद १९६२ सालीच निकालात निघालाय. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने धरली. खपलीखालून पेशींना वाट काढत जावं लागतं, ओल्या पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात. हळदीबद्दल मावशींशी भांडत बसू नका, एवढंच म्हणा की पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही. घरात हे कारण पटतं, अनुभव आहे.

मधुमेह आहे का? असेल तर घरी प्रयोग नकोत.

रानजाई:
साखर नॉर्मल आहे. आत्ताच सलाइनने धुतलं. पिवळा थर सगळा वाहून गेला, खाली गुलाबी ओलसर दिसतंय, वास नाही. कडेला व्हॅसलिन लावलं, जेल कमी घेतलं, बाणही काढला. मावशी बाण बघून हसल्या.

जाळी संपत आलीय. मेडिकलवाला साधा गॉज देतोय, चालेल?

रात्रपाळी:
नको, साधा गॉज वाळला की जखमेला चिकटतो. पॅराफिन गॉज मागा, म्हणजे व्हॅसलिनसारखं पॅराफिन लावलेली न चिकटणारी जाळी, त्याच्याकडे असतो. एका पाकिटात एकच तुकडा येतो, उरलेला कापून परत ठेवू नका.